सेनाखासखेल दमाजीराव गायकवाड : पराभवानंतरचे धैर्य

मठाच्या स्मरणग्रंथात एका लढवय्या सरदाराच्या चरित्राला स्थान का द्यावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. मठाचे साधन जपमाळ आणि सरदाराचे साधन तलवार. दोहोंचा मेळ कसा बसावा? परंतु धैर्य, वचनाची चाड, क्रोधावर ताबा आणि अपयशानंतरही कर्तव्यावर टिकून राहणे हे गुण मठात शिकवले जात असले, तरी त्यांची परीक्षा मठाबाहेरच होते. आणि ज्या क्षेत्रात ती सर्वांत कठोर होते ते रणक्षेत्र होय. म्हणून बडोदे संस्थानाचा पाया ज्यांच्या हातून पक्का झाला, त्या दमाजीराव गायकवाडांच्या आयुष्याकडे एका पाठशाळेतील विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे. ह्या ग्रंथाचे वाचक मराठी व गुजराती अशा दोन्ही भाषांचे आहेत, आणि दमाजीरावांचे चरित्रही ह्या दोन्ही भाषकांचा समाईक वारसा आहे.

गायकवाडांचे घराणे मूळचे पुणे प्रांतातले. दावडी गावची पाटीलकी त्यांच्याकडे होती. सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या फौजेत पहिले दमाजीराव नावारूपास आले. 1720 च्या बाळापूरच्या लढाईतील पराक्रमाबद्दल त्यांना समशेर बहादूर ही पदवी मिळाली. त्यांच्यामागे पुतणे पिलाजीराव पुढे आले. पिलाजीरावांनी सोनगडच्या डोंगरी किल्ल्यावर आपले ठाणे घातले आणि तेथून गुजरातच्या सपाटीवर मराठ्यांचा अंमल पसरवला. बडोदे आणि डभई ही ठाणी त्यांच्या हाती आली. 1731 मध्ये डभईजवळ बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे ह्या दोन मराठी फौजांतच युद्ध जुंपले. त्यात त्रिंबकराव पडले, पिलाजीराव स्वतः जखमी झाले आणि त्यांचा एक पुत्र कामास आला. गायकवाडांच्या पुढच्या इतिहासातील बहुतेक गुंता ह्या एका दिवसात आहे. पेशवे जिंकले, पण गायकवाड दाभाड्यांचे निष्ठावंत राहिले.

पुढल्याच वर्षी, 1732 मध्ये, डाकोर येथे वाटाघाटीच्या निमित्ताने आलेल्या मारेकऱ्यांनी पिलाजीरावांचा घात केला. हे कृत्य जोधपूरचे महाराज व गुजरातचे बादशाही सुभेदार अभयसिंह यांच्या इशाऱ्याने झाले. शोकाकुल सैनिकांनी मही नदी ओलांडून सावली येथे आपल्या धन्याला अग्नी दिला. बडोदे शत्रूच्या हाती गेले. पिता गेला, राजधानीसारखे शहर गेले, धनी असलेल्या दाभाड्यांचे घरही दुबळे झालेले. अशा वेळी दमाजीराव पुढे आले. त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभच पराभवातून झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अशा प्रसंगी तरुण सरदाराच्या मनात प्रथम येतो तो सूड. संताप अनावर होऊन जो लगेच चाल करतो, त्याच्या शौर्याचे पोवाडे होतात. पण त्याच्या शिपायांच्या बायका विधवा होतात. दमाजीरावांनी घाई केली नाही. पाद्र्याचे दल्ला देसाई हे पिलाजीरावांचे स्नेही. त्यांनी त्या भागातील कोळी व भिल्ल यांना उठवून अभयसिंहाच्या अंमलाला जागोजागी शह दिला. 1734 मध्ये दमाजीरावांचे चुलते महादजी गायकवाड यांनी जंबुसरहून येऊन बडोदे परत घेतले. त्या दिवसापासून पुढील दोनशेहून अधिक वर्षे, संस्थाने विलीन होईपर्यंत, बडोदे गायकवाडांच्याच हाती राहिले. स्वतः दमाजीरावांनी थेट मारवाडच्या दिशेने दौड केली, तेव्हा अभयसिंहाला गुजरात सोडून आपल्या मुलखाच्या काळजीने जोधपूरकडे जावे लागले. सुभ्याचा कारभार रतनसिंह भंडारी ह्या नायबाच्या हाती राहिला.

येथे नेतृत्वाचा पहिला पाठ दिसतो. बडोदे परत आले ते एका माणसाच्या तलवारीने नव्हे. गुजरातच्या देसायाने जमीन तयार केली, चुलत्याने शहर घेतले, पुतण्याने शत्रूच्या घरावर दबाव आणला. प्रत्येकाने आपापले काम केले, आणि प्रत्येकाला ते करू दिले गेले. घरातील वडीलधाऱ्याने मिळवलेल्या यशाचा पुतण्याला मत्सर वाटला नाही. पुढे रंगोजींसारख्या कारभाऱ्यावर अहमदाबादेकडचे राजकारण सोपवतानाही दमाजीरावांची हीच वृत्ती दिसते. 1737-38 च्या सुमारास मोमीनखानाशी करार करून मराठ्यांनी अहमदाबादच्या उत्पन्नात अर्धा वाटा मिळवला, तो रंगोजींच्या हातून. ज्याला स्वतःच सर्वत्र हजर राहावेसे वाटते त्याचे राज्य त्याच्या घोड्याच्या दौडीइतकेच लांब असते. ज्याला माणसे पारखून त्यांच्यावर विसंबता येते, त्याचे राज्य त्याच्या पश्चातही टिकते.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रकरणाकडे वळू. 1749 च्या डिसेंबरात शाहू महाराज निवर्तले. सातारच्या गादीवर रामराजा आले. पण सर्व सत्ता नानासाहेब पेशव्यांच्या हाती एकवटू लागली. पेशव्यांनी गुजरातच्या उत्पन्नाचा अर्धा भाग मागितला. दाभाडे घराण्याची धुरा सांभाळणाऱ्या उमाबाईंनी ती मागणी मागे घ्यावी म्हणून प्रयत्न केले. ते व्यर्थ गेले. 1750 च्या अखेरीस वृद्ध ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर नजरकैदेत ठेवले आणि पेशव्यांविरुद्ध दमाजीरावांना हाक दिली. दमाजीराव सुमारे 15,000 फौजेनिशी खानदेशमार्गे साताऱ्याकडे निघाले.

पेशवे त्या वेळी निजामाच्या मुलखात दूर गुंतले होते. साताऱ्याच्या उत्तरेस निंब गावाजवळ त्रिंबकराव पेठे सुमारे 20,000 फौज घेऊन आडवे आले. दमाजीरावांनी त्यांना मोडले आणि ताराबाईंची भेट घेतली. विजय मिळाला, परंतु विजयाचे फळ पदरात पडण्याआधीच चित्र पालटले. पेशव्यांचे सरदार पुन्हा एकवटले, वेण्णेच्या काठी गायकवाडांना मागे सरावे लागले, आणि गुजरातेतून मदत येण्याची वाटही बंद झाली. डोंगरखोऱ्यांत दमाजीरावांची फौज कोंडली गेली. इकडे नानासाहेब लांब लांब मजला मारीत एप्रिलच्या उत्तरार्धात साताऱ्यानजीक येऊन ठेपले. बोलणी सुरू झाली. गुजरातचा अर्धा भाग तोडून द्यावा, ही मागणी पुन्हा पुढे आली. आपण दाभाड्यांचे ताबेदार आहोत, धन्याच्या मुलखाची वाटणी करण्याचा आपल्याला अधिकार नाही, अशी भूमिका दमाजीरावांनी घेतली. 30 एप्रिल 1751 रोजी पेशव्यांच्या फौजेने त्यांच्या तळावर अचानक हल्ला केला. दमाजीराव कैद झाले. त्यांना पुण्यास नेण्यात आले, नंतर लोहगडावर ठेवण्यात आले. दाभाड्यांच्या मंडळींनाही तोच भोग आला.

ह्या घटनेकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. गायकवाडांच्या परंपरेने ह्याला विश्वासघात म्हटले: बोलणी चालू असता तळ लुटणे हा युद्धधर्म नव्हे. पेशव्यांच्या पक्षाला हा बंडाचा बंदोबस्त वाटला: छत्रपतींना कोंडणाऱ्यांच्या बाजूने राजधानीवर चालून आलेल्या सरदाराला आवरणे हे राज्याच्या प्रमुख कारभाऱ्याचे कामच होय. आपल्याला येथे न्यायनिवाडा करावयाचा नाही. आपल्याला पाहावयाचे आहे ते एवढेच की ज्याच्यावर हा प्रसंग आला त्याने पुढे काय केले.

1752 मध्ये करार झाला. दमाजीरावांनी गुजरातच्या मुलखाचा अर्धा भाग पेशव्यांस देण्याचे मान्य केले. पुढे जिंकावयाच्या प्रदेशाचाही अर्धा भाग द्यावयाचा, मागील बाकीपोटी 15 लक्ष रुपये भरावयाचे आणि प्रसंगी फौजेनिशी चाकरी करावयाची असे ठरले. दाभाड्यांच्या खर्चाची तजवीज झाली, पण दाभाड्यांचे सेनापतिपण नावापुरते उरले. ज्या निष्ठेसाठी दमाजीराव लढले होते, ती निष्ठा राखण्याजोगे काही त्यांच्या हाती उरले नाही. तडजोड अपमानाची होती, आणि ती त्यांनी डोळे उघडे ठेवून पत्करली.

ह्यानंतर दमाजीराव पेशव्यांना मुजरा करताना डावा हात वापरीत, अशी आख्यायिका गायकवाडांच्या इतिहासात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. कैदेतल्या अपमानाचा हा मूक निषेध होय, असा तिचा सर्वसामान्य अर्थ लावतात. पण तिचा आणखीही एक अर्थ करता येतो. मनातील राग कोठे ठेवावा आणि कोठे ठेवू नये, हे ज्याला कळते तो पुढारी. दमाजीरावांनी आपला राग दरबारी रिवाजापुरता मर्यादित ठेवला. रणांगणावर तो कधी येऊ दिला नाही. मुजऱ्याला डावा हात पुढे झाला. पण तलवारीला उजवाच राहिला, आणि पुढील सोळा वर्षांत ती तलवार पेशवे मागतील तेथे गेली.

1753 मध्ये रघुनाथराव आणि दमाजीराव यांनी मिळून अहमदाबादला वेढा घातला. बाबी घराण्यातील जवाँमर्दखानाने शहर निकराने लढवले आणि अखेर मानाने ते सोडून दिले. पाटण व उत्तरेकडील काही महाल त्याच्याकडे राहिले. पुढे 1756 मध्ये खंबायतच्या मोमीनखानाने अहमदाबाद पुन्हा बळकावले, तेव्हा पेशव्यांचे सदाशिव रामचंद्र आणि दमाजीराव यांच्या फौजांनी दीर्घकाळ वेढा चालवून 1758 मध्ये ते परत घेतले. ज्या पेशव्यांनी कैदेत टाकले, त्यांच्याच सरदाराच्या खांद्याला खांदा लावून गायकवाड महिनोन्‌महिने एका वेढ्यात बसले. वेढ्याचे काम मोठे किचकट असते. तेथे पराक्रम दाखवण्याचे प्रसंग थोडे आणि दाणावैरण, पाणी, रोगराई व शिपायांचा थकलेला पगार ह्यांच्या चिंता फार. लढाईत माणसाचे शौर्य दिसते, वेढ्यात त्याचा स्वभाव दिसतो.

मग आले पानिपत. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठी फौजा उत्तरेस गेल्या. दिल्ली घेतली, कुंजपुरा घेतला. नोव्हेंबरपासून पानिपतच्या छावणीत त्या कोंडल्या गेल्या. रसद तुटली, माणसे व जनावरे उपाशी मरू लागली. 14 जानेवारी 1761 रोजी निर्वाणीचे युद्ध झाले. डाव्या बगलेवर इब्राहीमखान गारदी यांच्या कवायती पलटणी होत्या आणि त्यांच्या साहाय्यास दमाजीरावांचे घोडदळ. समोर रोहिल्यांच्या दाट रांगा. गारद्यांनी बंदुकीच्या माऱ्यापाठोपाठ संगिनींचा हल्ला चढवून रोहिल्यांची फळी फोडली. त्या दिवशी सकाळी मराठ्यांना जे मोठे यश मिळाले त्यात ह्या बगलेचा वाटा मोठा. पण कवायती पायदळाची रीत वेगळी आणि मराठी घोडेस्वाराची रीत वेगळी. पलटण आपली ओळ मोडू देत नाही. स्वाराला फट दिसली की त्यात घुसावेसे वाटते. दोन्ही शस्त्रे उत्तम असूनही ती एकत्र वापरण्याचा सराव नव्हता. दुपारनंतर अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज पुढे आणली आणि पारडे फिरले. विश्वासराव पडले, भाऊ पडले, इब्राहीमखान जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडले व मारले गेले. दमाजीरावही जखमी झाले; परंतु मल्हारराव होळकर, विठ्ठल शिवदेव विंचूरकर ह्यांच्याप्रमाणे तेही त्या प्रलयातून बाहेर पडले.

पाठशाळेत गीतेचा अठरावा अध्याय चालू असला की येथे एक प्रश्न उभा राहतो. क्षत्रियाच्या स्वाभाविक कर्मांची गणना करताना गीतेने शौर्याबरोबर युद्धातून पलायन न करणे हेही सांगितले आहे. मग पानिपतातून जिवंत परतलेल्यांना काय म्हणावे? मेले ते क्षत्रिय आणि परतले ते पळपुटे, असा सोपा हिशेब अनेकांनी केला आहे. हा प्रश्न टाळून दमाजीरावांचा गौरव करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या दिवशी मागे राहिलेल्यांची कत्तल झाली, स्त्रिया व बालके गुलाम झाली, आणि जे घोड्यावर निसटले ते त्यांना वाचवू शकले नाहीत. हे दुःख कोणत्याही युक्तिवादाने पुसता येणार नाही.

तरीही त्याच ठिकाणी गीतेने धृती आणि दाक्ष्य हेही गुण सांगितले आहेत. धृती म्हणजे मोडून न पडणे. दाक्ष्य म्हणजे ऐन गोंधळातही पुढचे कर्तव्य ओळखून ते हाती घेणे. पलायन केवळ पायांनी होत नाही. ते मनानेही होते. रणातून मागे आलेला मनुष्य नंतर कोठे जातो, ह्यावरून त्याची पारख करावी. तो घराचे दार लावून बसला, दैवाला दोष देऊ लागला, सहकाऱ्यांवर खापर फोडू लागला, तर ते खरे पलायन. दमाजीराव गुजरातेत परतले तेव्हा पानिपताची वार्ता त्यांच्या आधी पोहोचली होती. मराठ्यांचे राज्य आता बुडाले असे समजून जुने ठाणेदार व नवाब पुन्हा डोके वर काढू लागले होते. जखमी शरीराने आणि पातळ झालेल्या फौजेने दमाजीराव पुन्हा कामाला लागले. 1763 ते 1766 च्या दरम्यान त्यांनी बाबींकडून विसनगर, वडनगर, खेराळू, विजापूर आणि पाटण हे महाल घेतले. सोनगडच्या डोंगरातून निघून त्यांनी पाटण येथे, सोळंकी राजांच्या प्राचीन अणहिलवाड्यात, आपली राजधानी नेली. पानिपतानंतर पाच वर्षांच्या आत गायकवाडांचे राज्य पानिपतापूर्वीपेक्षा मोठे झाले होते.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. पानिपतच्या धक्क्याने नानासाहेब 1761 च्या जूनमध्ये वारले. गादीवर कोवळे माधवराव आले आणि निजामाने संधी साधून पुण्याची नासधूस केली. 10 ऑगस्ट 1763 रोजी गोदावरीच्या काठी राक्षसभुवन येथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, तेव्हा दमाजीराव त्या युद्धात होते. दुबळ्या झालेल्या पुण्याचे ओझे झुगारून स्वतंत्र होण्याची ती उत्तम वेळ होती. बारा वर्षांपूर्वीच्या कैदेचा सूड घेण्यासही तीच उत्तम वेळ. परंतु ते आपली फौज घेऊन गोदावरीकाठी उभे राहिले. आपला राग मोठा की राज्य मोठे, ह्या प्रश्नाचे त्यांनी दिलेले हे उत्तर आहे.

चरित्र लिहिताना केवळ गुणच सांगितले तर ते स्तोत्र होते. दमाजीरावांच्या हातून दोन गोष्टी अशा झाल्या की ज्यांचे फळ त्यांच्या वंशाला भोगावे लागले. पहिली म्हणजे रघुनाथरावांच्या बाजूने गृहकलहात पडणे. अहमदाबादच्या वेढ्यापासून दोघांचा स्नेह जडला होता. काका-पुतण्यांचा वाद पेटला तेव्हा दमाजीरावांनी आपले पुत्र गोविंदराव यांना फौज देऊन रघुनाथरावांकडे पाठवले. 1768 च्या जूनमध्ये धोडपच्या किल्ल्याजवळ माधवरावांनी काकांचा पराभव केला. रघुनाथराव कैद झाले आणि गोविंदरावही पुण्यास अडकले. जो गुण त्यांनी दाभाड्यांच्या बाबतीत दाखवला, तोच, एकदा धरलेली बाजू न सोडणे, येथे त्यांना चुकीच्या माणसामागे घेऊन गेला. निष्ठा हा मोठा गुण खरा, पण विवेकाने तिला वाट दाखवावी लागते. गमावलेला अर्धा गुजरात रघुनाथरावांच्या हातून परत मिळेल ही आशाही त्यामागे असू शकेल; तसे असेल तर मनात दाबलेला जुना घाव अखेर निर्णयात उतरला, असेच म्हणावे लागेल.

दुसरी चूक वारशाची. 1768 मध्येच पाटण येथे दमाजीरावांचे देहावसान झाले. मागे अनेक पुत्र. त्यांत सयाजीराव वयाने थोरले, तर गोविंदराव थोरल्या राणीचे. गादी कोणाची हे बापाने पक्के केले नव्हते. निर्णय पुण्याच्या दरबारात गेला, आणि तो कधी एका बाजूने तर कधी दुसऱ्या बाजूने होत राहिला. प्रत्येक वेळी गायकवाडांचा खजिना रिता होत गेला. पुढे फत्तेसिंगरावांनी मोठ्या कर्तबगारीने राज्य सावरले, बडोदे हीच राजधानी झाली. पण भाऊबंदकीच्या त्या फटीतूनच इंग्रजांचा हस्तक्षेप दरबारात शिरला. चाळीस शत्रूंना तोंड देणाऱ्या ह्या पुरुषाला आपल्या चार मुलांना एका आसनाभोवती बसवता आले नाही. आपल्यामागे कोण, हे वेळीच ठरवणे हेही नेतृत्वाचेच अंग आहे. राज्य असो, घर असो वा धर्मसंस्था असो, परंपरा टिकते ती उत्तराधिकाराच्या निर्मळ व्यवस्थेवर.

ह्या सर्व आयुष्याचा सारांश काय? दमाजीराव बाजीरावांसारखे अजिंक्य नव्हते. त्यांनी बाप गमावला, अर्धा मुलूख गमावला, स्वातंत्र्य गमावले, पानिपतात फौज गमावली. आणि प्रत्येक वेळी जे उरले होते त्यापासून पुन्हा आरंभ केला. विजयी वीरांची चरित्रे आपल्याला स्फूर्ती देतात खरी. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला विजयापेक्षा अपयशच अधिक येते, आणि म्हणून पराभवातून उठणाऱ्याचे चरित्र आपल्याला अधिक जवळचे आहे. साधकाचेही असेच असते. व्रत मोडते, पाठ चुकतो, मन भरकटते. ते झाल्यावर आसन सोडून उठणारे पुष्कळ. पुन्हा आसनावर बसणारा एखादा. शेतकऱ्याचे पीक बुडते, व्यापाऱ्याची पेढी बसते, विद्यार्थी परीक्षेत नापास होतो. प्रत्येकाचे आपापले पानिपत असते, आणि प्रत्येकाला आपापल्या पाटणची वाट पुन्हा शोधावी लागते.

बडोद्यात आज मांडवीखालून जाणाऱ्यांना, बाजारात गुजराती आणि घरात मराठी बोलणाऱ्यांना, दमाजीरावांचे नाव रोज आठवत नसेल. पण दोन्ही भाषांची माणसे जेथे पिढ्यानपिढ्या शेजारधर्माने नांदली, त्या नगराच्या पायात पाद्र्याच्या देसायाची मैत्री आहे आणि दावडीच्या पाटलांच्या वंशजाचे धैर्य आहे. ह्या वर्धापनाच्या मंगल प्रसंगी त्या धैर्याचे स्मरण व्हावे, अपमान गिळताना ताठ राहण्याचे आणि यश आले तरी सावध राहण्याचे बळ आपणा सर्वांस लाभावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.